अंगठ्या आणि दागिने घरच्या घरी कसे स्वच्छ करावेत?

अबोली_सांज
बरेच दिवस वाचनमात्र होते, आज पहिलाच धागा काढतेय. सांभाळून घ्या.
दागिन्यांची पेटी आवरायला काढली तर निम्म्या वस्तू कळकट दिसतायत. सोन्यातली एका हिऱ्याची अंगठी आहे, रोज बोटात असते. वरून पुसली की तेवढ्यापुरती बरी वाटते, पण आधीची लखलख नाही. चांदीची चेन जवळजवळ काळी झालीये. मोत्यांची एक सर आहे आणि हिरव्या खड्याची एक अंगठी. पाचू असावा, खात्री नाही.
व्हिडिओंमध्ये टूथपेस्ट, लिंबू, व्हिनेगर, खायचा सोडा, ॲल्युमिनियम फॉइल असं काय काय दाखवतात. यातलं खरं काय नि भंपक काय? आणि सगळं एकाच भांड्यात बुडवून एकदाच काम उरकता येईल का?

टाचणी
एकाच भांड्यात? अगं नको! या चार वस्तूंची जातकुळीच वेगळी आहे. चांदीला जे चालतं त्याने मोती कामातून जातील, आणि हिऱ्याला चालतं ते पाचूला चालेलच असं नाही. आधी वाटण्या कर, मग पाणी गरम कर.
हिऱ्याच्या अंगठीपुरतं सांगते, ते सगळ्यात सोपं आहे. वाटीत कोमट पाणी, त्यात भांड्यांच्या लिक्विड साबणाचे दोन-तीन थेंब. अंगठी १५-२० मिनिटं त्यात पडू दे. मग लहान मुलांचा अगदी मऊ टूथब्रश घेऊन खालच्या बाजूने घास. वरून नाही, खालून. अंगठी उलटी करून बघ, खड्याच्या मागे करड्या रंगाचा चिकट थर बसलेला दिसेल. क्रीम, साबण, घाम, पीठ, सगळं तिथेच जाऊन बसतं. नंतर दुसऱ्या वाटीतल्या स्वच्छ पाण्यात खळबळून काढ आणि मऊ सुती कापडाने टिप. टिश्यू पेपर नको, त्याचे धागे नख्यांमध्ये (खडा धरून ठेवणाऱ्या धातूच्या बारीक आकड्यांमध्ये) अडकतात.
आणि हो, हे नळाखाली, उघड्या सिंकवर करायचं नाही. साबणाच्या हातातून अंगठी कधी सटकते कळतही नाही.

भोवरा
एवढा खटाटोप कशाला? आमच्याकडे वर्षानुवर्षं टूथपेस्ट वापरतात. बोटावर घ्या, चोळा, धुवा. लख्ख. दात घासायची गोष्ट आहे, तोंडात घालतो आपण, ती सोन्याचं काय वाईट करणार?

उगाच_एक
+१. शिवाय अंगठीला पुदिन्याचा वास येतो तो फुकट. 😀

धातुवेडा
भोवरा, तोंडात चालते म्हणून सोन्यावर चालेल, हा हिशोब उलटा आहे. टूथपेस्टमध्ये किटण खरवडण्यासाठी बारीक सिलिका किंवा कॅल्शियम कार्बोनेटचे कण घातलेले असतात. ते दाताच्या इनॅमलच्या अंदाजाने बनवलेले असतात, आणि इनॅमलचा कठीणपणा मोह्जच्या १ ते १० च्या श्रेणीवर (आकडा मोठा तितकं कठीण) साधारण ५ आहे. सोनं आणि चांदी २.५ ते ३. म्हणजे दाताला जे सोसतं ते सोन्यापेक्षा बरंच दणकट काम आहे. लख्ख दिसतं ते मळाबरोबर धातूचाही पापुद्रा निघाल्यामुळे. एकदा केल्याने आभाळ कोसळत नाही, पण दर महिन्याला केलं तर नक्षीच्या कडा बोथट होतात. सोन्याचा मुलामा असलेल्या दागिन्यावर केलं तर मुलामाच जातो.
त्यात पेस्ट खड्याच्या मागच्या फटीत वाळून बसते ती वेगळीच. मग ती काढायला सुई घेऊन बसा.

भोवरा
इनॅमलचं पटलं. पण मग माझ्या अंगठीवर ओरखडे का नाहीत? इतकी वर्षं घासतोय.

धातुवेडा
खोलीतल्या दिव्यात नाही दिसणार. अंधारात मोबाइलचा टॉर्च लावा आणि अंगठी सावकाश तिरकी फिरवा. एकेकटा ओरखडा दिसणार नाही, पण एका दिशेने गेलेल्या केसासारख्या रेघांचं जाळं दिसेल. लांबून बघितलं की तेच जाळं आपल्याला 'जरा मंद झालीये' असं वाटतं.

भोवरा
बघितलं. दिसलं. जाऊ दे. 🙄

पैलू
मी खडे बसवायच्या कामात आहे, म्हणून हिरा 'मंद' का होतो त्यावर थोडं लिहिते. बहुतेकांना वाटतं, वर धूळ बसली म्हणून. वरची धूळ हे किरकोळ कारण.
हिऱ्याचा अपवर्तनांक २.४२ आहे, म्हणजे प्रकाश त्यात शिरला की चांगलाच वळतो. खालचे पैलू अशा कोनात कापलेले असतात की वरून आलेला प्रकाश तळाशी आदळून आरशासारखा परत वर यावा. पण हे होतं हिऱ्याच्या मागे हवा असेल तेव्हा. हवा असताना पृष्ठभागाशी काढलेल्या लंबापासून २४-२५ अंशांपेक्षा जास्त कलून आलेला किरण आतच परततो. मागे तेलकट थर बसला की ही मर्यादा एकदम वर सरकते आणि जो प्रकाश परत यायला हवा तो तळातून गळून जातो. म्हणून वरून कितीही पुसलं तरी लखलख येत नाही. टाचणी म्हणतेय ते 'खालून घास' याच कारणाने महत्त्वाचं.
दुसरं, हिऱ्याला पाण्याचं वावडं आणि तेलाची ओढ. दक्षिण आफ्रिकेत किंबर्लीच्या खाणींमध्ये एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस याचाच उपयोग करून घेतला. ग्रीस फासलेल्या टेबलांवरून दगडमातीचा पाणीदार राडा वाहू द्यायचा. इतर दगड पाण्याबरोबर पुढे जायचे आणि हिरे ग्रीसला चिकटून राहायचे. तुमच्या बोटावरचा हिरा हॅण्डक्रीमशी नेमकं हेच करतो. म्हणून नुसत्या पाण्याने भागत नाही, साबण लागतोच.

उगाच_एक
म्हणजे हिरा मुळातच चिकटू. लक्षात ठेवतो.

रानजाई
पैलू, मस्त माहिती! दोन प्रश्न. अंगठी घातल्यावर क्रीम लावावं की आधी? आणि स्पिरिटने पुसलं तर?

पैलू
क्रीम, सेंट, हेअरस्प्रे सगळं आधी. ते त्वचेत मुरलं, हात कोरडे झाले की मग अंगठी. काढताना उलटा क्रम, दागिने सगळ्यात आधी उतरवायचे.
स्पिरिट म्हणजे आयसोप्रोपाइल अल्कोहोल म्हणत असशील तर साबणाने धुतल्यावर नुसत्या हिऱ्याच्या सोन्याच्या अंगठीला एक बुडी द्यायला हरकत नाही. उरलेला तेलकटपणा जातो आणि पाण्याचे डाग न पडता वाळते. मोती, ओपल, पाचू, चिकटवलेले खडे यांना मात्र स्पिरिट दाखवायचंसुद्धा नाही.

काजवा
आता चांदीवर या कुणीतरी. फॉइलचा प्रयोग खरंच चालतो की हातचलाखी आहे?

धातुवेडा
चालतो, आणि या सगळ्या घरगुती उपायांमध्ये शास्त्र म्हणून सगळ्यात सुंदर तोच आहे.
चांदी काळी पडते ती गंजून नव्हे. हवेत हायड्रोजन सल्फाइड किंचित असतो. चांदी त्यातलं गंधक धरते आणि वर सिल्व्हर सल्फाइडचा थर चढतो. पातळ असताना पिवळसर, मग तपकिरी, मग काळा. रबर, लोकर, अंडं, काही प्रकारचा पुठ्ठा, यांच्या सान्निध्यात हे लवकर होतं. दागिन्यांत बहुतेकदा ९२.५ टक्के चांदी आणि बाकी मुख्यतः तांबं असतं. तांबं काळं पडायला आणखी उत्सुक.
पॉलिशने घासलं की हा सल्फाइडचा थर खरवडून फडक्यावर येतो. फडकं काळं होतं ना, ती तुमचीच चांदी. फॉइलच्या पद्धतीत गंधक ॲल्युमिनियमकडे वळवलं जातं आणि चांदी जागच्या जागी परत धातू होते. वजन जवळपास जात नाही.
कृती: काचेचं किंवा चिनी मातीचं भांडं, तळाला फॉइल, चकाकती बाजू वर. (कुठलीही बाजू वर चालते, पण दिसायला बरं.) एक लिटर गरम पाण्याला साधारण दोन मोठे चमचे खायचा सोडा. चेन फॉइलला टेकली पाहिजे, नुसती पाण्यात तरंगत राहिली तर काहीच होत नाही. बहुतेकांचा प्रयोग इथेच फसतो. दोन-पाच मिनिटांत काळेपणा उतरताना दिसेल. सडक्या अंड्यासारखा वास आला तर घाबरू नका, गंधक बाहेर पडतंय. खिडकी उघडी ठेवा. नंतर खळखळून धुवा, पुसा, आणि कड्यांमध्ये पाणी राहू देऊ नका.

टाचणी
धातुवेडा, एक राहिलं. जे चांदीचे दागिने मुद्दाम काळसर केलेले असतात, नक्षीच्या खोबणीत काळं आणि वर पांढरं, त्यांना हे करायचं नाही. माझ्या मावसबहिणीने कानातले बुडवले आणि सगळी नक्षी सपाट दिसायला लागली.

धातुवेडा
बरोबर. त्याला 'ऑक्सिडाइज्ड' म्हणतात, पण तोही बहुतेकदा सल्फाइडचाच थर असतो, म्हणून फॉइलला फरक कळत नाही. तसे दागिने कोरड्या मऊ कापडाने फक्त उंचवट्यांवर पुसा. खडे असलेली किंवा काही चिकटवलेली चांदीही फॉइलमध्ये नको. गरम पाण्याने डिंक सुटतो.

काजवा
आत्ता करून बघितलं. वास आला! घरच्यांनी गॅस गळतोय का म्हणून विचारलं. चेन पांढरी झाली, पण चकाकी नाही, चुन्यासारखी दिसतेय.

धातुवेडा
थर जाड असेल तर असं होतं. सल्फाइडातून परत आलेली चांदी पृष्ठभागावर जराशी खरखरीत बसते. मऊ सुती किंवा मायक्रोफायबर कापडाने दोन मिनिटं चोळा. घासू नका, चोळा.

अबोली_सांज
बापरे, एवढे प्रतिसाद! सगळ्यांचे आभार. मोत्यांचं आणि हिरव्या खड्याचं कुणी सांगेल का? लिंबाच्या पाण्यात मोती उजळतात असं वाचलं.

पैलू
लिंबू अजिबात नको!! मोती म्हणजे मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेट, म्हणजे रसायन खडूचंच, थर फक्त नाजूक रचलेले. आम्ल लागलं की वरचा थर विरघळतो. 'उजळला' असं वाटतं कारण डाग असलेली कातच निघते. पण मोत्याची जी आतून येणारी झाक असते ती त्या थरांमुळेच, आणि ती गेली की कुठलंही पॉलिश परत आणू शकत नाही.

उगाच_एक
क्लिओपात्राने मोती व्हिनेगरमध्ये विरघळवून प्यायल्याची कथा आहे ना? अबोली, निदान पिऊ तरी नकोस.

पैलू
कथा खरी-खोटी जाऊ दे, रसायन खरं आहे. फक्त अख्खा मोती घोटाघोटात विरघळत नाही, वेळ लागतो.
मोत्यांना एकच नियम: सगळ्यात शेवटी घालायचे, सगळ्यात आधी काढायचे आणि काढल्या काढल्या किंचित ओलसर मऊ कापडाने पुसायचे. घामही आम्लधर्मी असू शकतो. कधीतरी फारच मळले तर सौम्य साबणाच्या पाण्यात पिळलेल्या कापडाने एकेक मोती पुसा, मग साध्या पाण्यात पिळलेल्या कापडाने. सर पाण्यात बुडवू नका. दोरा बहुधा रेशमी असतो. भिजला की ताणतो आणि गाठींत मळ धरतो. वाळवताना टांगायची नाही, टॉवेलवर आडवी ठेवायची. गाठीजवळचा दोरा काळपट आणि सैल दिसत असेल तर स्वच्छता पुरे, सर ओवून घ्यायची वेळ झाली.
पोवळ्यालाही हेच सगळं लागू, तेही कॅल्शियम कार्बोनेटच.
आता हिरवा खडा. पाचू आहे की नाही ते घरी ठरवता येणार नाही, म्हणून पाचूच आहे असं धरून चाल. पाचूचा कठीणपणा ७.५ ते ८, ऐकायला दणकट. पण पाचूत जन्मजात भेगा असतात आणि त्या दिसू नयेत म्हणून बहुसंख्य पाचूंमध्ये रंगहीन तेल किंवा रेझिन भरलेलं असतं. गरम पाणी, स्पिरिट, फार वेळ साबणात भिजवणं, याने ते तेल निघून येतं. मग खडा फिका दिसतो आणि एरवी न दिसणाऱ्या भेगा पांढऱ्या दिसायला लागतात. लोक म्हणतात खडा तडकला. तडा आधीपासूनच असतो, झाकण उडालेलं असतं. असा खडा पुन्हा तेलात घालून देणारे कारागीर असतात, पण ती वेळ कशाला आणायची? खोलीच्या तापमानाचं पाणी, साबणाचा एक थेंब, मऊ ब्रशचे दोन हात, लगेच धुऊन लगेच पुसायचं. भिजवायचं नाही.

रानजाई
माणकाचं काय? ते तर ९ असतं ना?

पैलू
माणिक आणि नीलम ९, हिरा १०. नुसतं माणिक असेल तर साबण-पाणी बिनधास्त. पण बाजारात शिशाची काच भरलेली माणकं खूप आहेत. भेगा काचेने बुजवलेल्या असतात आणि त्या काचेला लिंबाच्या रसासारखं सौम्य आम्लसुद्धा खातं. म्हणून खड्यांच्या दागिन्यांना आम्ल नाहीच, कुठलंच नाही.
ओपलमध्ये पाणी असतं, अचानक गरम-थंड केलं तर तडकू शकतो, आणि बरेच ओपल दोन-तीन पातळ थर चिकटवून केलेले असतात. फिरोजा सच्छिद्र, साबणसुद्धा शोषतो. दोघांनाही ओलसर कापड पुरे. खड्यामागे चकाकीसाठी पातळ पत्रा लावलेला असेल तर पाणी आत शिरलं की तो पत्रा कायमचा काळा पडतो, म्हणून मागची बाजू बंद असलेले दागिने कधीच बुडवायचे नाहीत.

भोवरा
मी ऑनलाइन अल्ट्रासॉनिक मशीन घेतलंय. चष्म्याचं असतं ना, तसलं. सोनाराकडेही तेच असतं की. मग ब्रशबिश कशाला?

पैलू
सोनाराकडे मशीनआधी भिंग असतं. 🙂 अल्ट्रासॉनिक म्हणजे साधारण ४० हजार हर्ट्झच्या लहरींनी पाण्यात असंख्य सूक्ष्म बुडबुडे तयार होतात आणि फुटतात, त्या दणक्याने मळ निघतो. साध्या चेनला, घट्ट बसलेल्या हिऱ्याला उत्तम. पण तोच दणका सैल खड्याला आणखी सैल करतो, शेजारी-शेजारी बसवलेल्या बारीक हिऱ्यांच्या कडा एकमेकांवर आपटवतो, आणि पाचूतलं तेल बाहेर काढतो. मोती, पोवळं, ओपल, पाचू, टांझानाइट, भेगा बुजवलेले खडे यांपैकी काहीही नको.

भोवरा
या धाग्यावर माझं सगळंच चुकतंय. चष्मा तरी धुऊ ना?

धातुवेडा
धुवा, धुवा.

रानजाई
माझी पांढऱ्या सोन्याची अंगठी खालच्या बाजूने पिवळट दिसायला लागलीये. कितीही घासली तरी जात नाही.

धातुवेडा
तो मळ नाही, घासू नका! पांढऱ्या सोन्यावर बहुधा रोडियमचा मुलामा असतो, बहुतेकदा एक मायक्रॉनपेक्षाही पातळ. हाताच्या आतल्या बाजूने तो सतत घासला जातो आणि खालचं मूळ पिवळसर मिश्रण डोकावतं. जितकं घासाल तितकं जास्त पिवळं दिसेल. उपाय एकच, रोडियम पुन्हा चढवून घेणे.
धागा चाललाच आहे तर धोक्याचंही लिहून टाकतो. क्लोरीनवाल्या तरणतलावात सोनं घालून जाऊ नका. चोख सोन्याला फारसं काही होत नाही, पण १८ किंवा १४ कॅरेटमध्ये सोनं अनुक्रमे ७५ आणि ५८.५ टक्केच असतं. बाकीच्या धातूंवर, विशेषतः निकेल घातलेल्या पांढऱ्या सोन्यावर, क्लोरीन हल्ला करतो आणि ताणाखाली असलेल्या नख्या ठिसूळ होऊन मोडतात. शिवाय गार पाण्यात बोटं आक्रसतात, अंगठी अलगद निसटते. ब्लीचमध्येही हाच क्लोरीन, तेव्हा बाथरूम घासताना दागिने बाहेर. आणि अमोनिया असलेलं क्लीनर नि ब्लीच कधीही एकत्र करू नका, विषारी वायू होतो. इथे दागिना नाही, माणूस धोक्यात येतो.

काजवा
अंगठीखाली खाज येते त्याचं काय? सोन्याची ॲलर्जी असते का?

टाचणी
बऱ्याचदा ॲलर्जी नसून खाली अडकलेला साबण आणि ओल असते. हात धुतल्यावर अंगठी वर सरकवून बोट कोरडं कर, रात्री काढून ठेव, बघ फरक पडतो का. तरी राहिलं तर निकेल असू शकतं, त्वचेच्या डॉक्टरांना दाखव.

अबोली_सांज
हजर! चांदीची चेन झाली, एक नंबर. मोती पुसून आडवे ठेवलेत. हिरव्या खड्याला तीस सेकंदांत आंघोळ घातली. हिऱ्याची अंगठी दोनदा भिजवावी लागली, पाणी दुधाळ झालं होतं. आता बघितलं तर खाली लाल-निळे ठिपके भिंतीवर पडतायत, मस्त!
पण एक गोष्ट नवीनच. अंगठी कानाशी धरून हलवली तर बारीक टिकटिक ऐकू येतेय. धुण्याआधी नव्हती. मी काही मोडलं का?

पैलू
तू काही मोडलेलं नाहीस. एखादी नखी आधीच झिजलेली किंवा वाकलेली असणार आणि खडा मळाने धरून ठेवला होता. मळ गेला, खडा मोकळा झाला. एक लोकरीचा धागा नख्यांवरून हलकेच ओढून बघ. जिथे अडकेल ती नखी उचललेली आहे.
ती अंगठी आता बोटात घालू नकोस.

अबोली_सांज
धागा एका कोपऱ्यात अडकतोय. तात्पुरता सुपर ग्लूचा एक थेंब सोडू का?

पैलू
नको नको. ग्लू मागे पसरतो, हिरा पुन्हा आंधळा होतो, आणि बसवणाऱ्याला नखी दाबायच्या आधी तो सगळा साफ करत बसावा लागतो. खड्यावरून पारदर्शक चिकटपट्टीचा एक वेढा दे, अंगठी छोट्या झाकणाच्या डबीत ठेव, आणि डबी उघडताना खाली टॉवेल अंथर. नखी दाबून घेणं किंवा तिच्या टोकावर थोडं सोनं चढवून घेणं हे अंगठी बसवणाऱ्या कारागिराचं नेहमीचं काम आहे. बाकीच्या नख्याही तेव्हाच भिंगाखाली बघायला सांग. एक झिजली असेल तर तिच्या समोरचीही बहुधा त्याच वाटेवर असते.